डाविंची रिझॉल्व्ह: एकाच प्रोजेक्टवर चार एडिटर बसवायचे तर

एकट्याने व्हिडिओ एडिट करायला डाविंची रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर चांगलं आहे, हे आता कुणाला सांगायला नको. प्रश्न येतो तो एडिटर, असिस्टंट, कलरिस्ट (रंग जुळवणारा) आणि साउंडवाला असे चौघे एकाच प्रोजेक्टवर एकाच वेळी बसवायचे असतात तेव्हा. हे परीक्षण त्या बाजूचं आहे. लग्नाचे व्हिडिओ करणारा स्टुडिओ, यूट्यूब चॅनेलची टीम, मालिकेचं छोटं पोस्ट-प्रॉडक्शन युनिट, तीन ते सहा मशीन असलेल्या अशा कुणासाठीही हा सेटअप परवडतो आणि चालतो. पण इन्स्टॉल केला आणि झालं, असा तो नाही. सॉफ्टवेअर आपलं काम चोख करतं. घोळ होतो तो फोल्डर, पाथ (फाइलचा पत्ता) आणि केबल यांत.

आधी पैशांचं. ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीचं हे सॉफ्टवेअर दोन रूपांत मिळतं: फुकट आवृत्ती आणि 295 डॉलरची स्टुडिओ आवृत्ती. स्टुडिओचे पैसे एकदाच भरायचे, मासिक भाडं नाही. एक अॅक्टिव्हेशन की दोन मशीनवर चालते. अनेकांच्या डोक्यात अजून जुनं बसलंय की एकत्र काम करायला सगळीकडे स्टुडिओच हवं. आता तसं नाही. मल्टी-यूजर कोलॅबोरेशन फुकट आवृत्तीतही आहे. म्हणजे असिस्टंटच्या लॉगिंगच्या (फुटेजच्या नोंदीच्या) मशीनवर फुकट आवृत्ती आणि ग्रेडिंग (रंग जुळवणं) व फायनल एक्सपोर्टच्या मशीनवर स्टुडिओ, अशी जोडणी शक्य आहे. अट एकच लक्षात ठेवायची: स्टुडिओवाल्याने नॉइज रिडक्शनसारखा फक्त स्टुडिओत चालणारा इफेक्ट लावला, तर फुकट आवृत्तीत तो शॉट वॉटरमार्कसह दिसतो. शिवाय फुकट आवृत्ती मुख्यतः 8-बिट (कमी रंगछटांचं) फुटेज आणि अल्ट्रा एचडीपर्यंतच्या एक्सपोर्टसाठी आहे. हल्लीचे मिररलेस कॅमेरे 10-बिटमध्ये शूट करतात, त्यामुळे ते फुटेज थेट उघडावं लागणाऱ्या प्रत्येक मशीनला स्टुडिओ घ्या. तिथे काटकसर करू नका.

वही आणि गोदाम

आता मुख्य मुद्दा, ज्यावर निम्म्याहून जास्त सेटअप अडतात. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट ही डेस्कटॉपवरची सुटी फाइल नसते. ती प्रोजेक्ट लायब्ररीत, म्हणजे डेटाबेसमध्ये असते. (आवृत्ती 18 च्या आधी हिला सरळ डेटाबेसच म्हणत.) लायब्ररी तीन ठिकाणी ठेवता येते: स्वतःच्या मशीनवर, ऑफिसच्या नेटवर्कवर किंवा ब्लॅकमॅजिक क्लाउडवर. नेटवर्कवर ठेवायची तर एका मशीनवर प्रोजेक्ट सर्व्हर हे वेगळं, फुकट अॅप टाकावं लागतं. त्याच्या पोटात पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस चालतो.

हा सर्व्हर फक्त वही सांभाळतो: कोणता कट कुठे, कोणत्या शॉटवर कोणतं ग्रेड, मार्कर, बिनची (क्लिप ठेवायच्या फोल्डरची) रचना. माल गोदामात, म्हणजे फुटेज नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर) किंवा शेअर केलेल्या डिस्कवर. सर्व्हर फुटेजला हातही लावत नाही. त्यामुळे ‘प्रोजेक्ट सर्व्हर टाकला तरी दुसऱ्या मशीनवर सगळं लाल दिसतंय’ ही तक्रार सर्व्हरची नसतेच. वहीत मालाचा पत्ता लिहिलाय, पण त्या मशीनला त्या पत्त्यावर पोचता येत नाही, एवढाच तिचा अर्थ.

म्हणून सर्व्हर टाकण्याआधी पत्ता ठरवा. सगळ्या विंडोज मशीनवर नॅसचं शेअर एकाच ड्राइव्ह अक्षराला जोडा, उदाहरणार्थ पी. एकाने पी ड्राइव्हवरून फुटेज आणलं आणि दुसऱ्याने नेटवर्क फोल्डरमध्ये जाऊन दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणाऱ्या पाथवरून आणलं, तर फाइल तीच असली तरी रिझॉल्व्हच्या लेखी ते दोन वेगळे पत्ते. आणखी एक खोच: रिझॉल्व्ह ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडलं, तर नेहमीच्या लॉगिनमध्ये जोडलेला पी ड्राइव्ह त्याला दिसतच नाही. कुणीतरी कधीतरी शॉर्टकटवर तो पर्याय टिक करून ठेवलेला असतो आणि मग दिवसभर नॅसला शिव्या पडतात.

विंडोज आणि मॅक एकत्र असतील तर प्रिफरन्सेसमधल्या मीडिया स्टोरेजमध्ये ‘मॅप्ड माउंट’ नावाचा रकाना आहे. मॅकवर शेअर ‘व्हॉल्यूम्स’ फोल्डरखाली उघडतं. ते लोकेशन यादीत घालायचं आणि त्याच्या मॅप्ड माउंटमध्ये विंडोजचा पी ड्राइव्हचा पाथ लिहायचा. मग दोन्हीकडून एकच क्लिप एकच मानली जाते. मॅकची स्वतःची एक खोड मात्र आहे. नेटवर्क तुटून शेअर परत जोडलं गेलं, तर कधी कधी मॅक त्याच नावापुढे ‘-1’ लावून दुसरं माउंट (जोडणी) तयार करतो. फाइंडरमध्ये वरवर सगळं नेहमीसारखंच दिसतं, पण टाइमलाइन पूर्ण ऑफलाइन. यावर उपाय म्हणजे रिझॉल्व्ह बंद करून दोन्ही माउंट इजेक्ट करणं आणि शेअर एकदाच जोडणं. ‘रीलिंक’ (क्लिपला नवा पाथ देणारं बटण) दाबणं नव्हे.

हे ‘नव्हे’ ठळक करून वाचा. एकत्रित प्रोजेक्टमध्ये रीलिंक हे सगळ्यात महागात पडणारं बटण आहे. समजा, मॅकवाल्याला क्लिप ऑफलाइन दिसल्या म्हणून त्याने त्या आपल्या ‘-1’ पाथवर रीलिंक केल्या. त्याचा प्रश्न सुटला. पण वही सगळ्यांची एकच, तेव्हा पुढच्या रिफ्रेशला विंडोजवाल्याच्या क्लिप लाल झाल्या. त्याने पी ड्राइव्हवर रीलिंक केलं, की मॅकवाला पुन्हा लाल. दोघेही बरोबर, आणि काम मात्र ठप्प. टीममध्ये रीलिंकचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा, शक्यतो असिस्टंटकडे.

फाइल आणि फोल्डरची नावं रोमन अक्षरांत, आकडे आणि अंडरस्कोर एवढ्यावरच ठेवलेली बरी. मॅकला चालणारं प्रश्नचिन्ह विंडोजला चालत नाही.

सर्व्हर बसवताना

सर्व्हरसाठी भारी मशीन लागत नाही. जुना पण भरवशाचा पीसी किंवा मॅक मिनी पुरतो, कारण वहीचा डेटा लहान असतो. एडिटरच्याच मशीनवर सर्व्हर चालवला तरी चालतो, पण त्याने मशीन बंद करून घरी जायचं ठरवलं की सगळेच थांबले. वेगळं मशीन घ्या आणि त्याचं स्लीप पूर्ण बंद करा. विंडोज अपडेटची आपोआप रीस्टार्ट होण्याची वेळ रात्रीची ठेवा. यूपीएस तर हवाच, आणि तो नॅस आणि नेटवर्क स्विचलाही हवा. लोक सर्व्हरला यूपीएस देतात आणि स्विच भिंतीच्या साध्या सॉकेटवर ठेवतात. वीज गेली की मशीन जिवंत, नेटवर्क मेलेलं.

क्रम असा. आधी राउटरमध्ये सर्व्हरला कायमचा आयपी पत्ता नेमून द्या. हे टाळलं तर राउटर एखाद्या दिवशी रीस्टार्ट होतो, पत्ता बदलतो आणि सकाळी कुणाचीच लायब्ररी उघडत नाही. मग रिझॉल्व्हच्या आवृत्तीशी जुळणारा प्रोजेक्ट सर्व्हर टाका आणि नवी लायब्ररी बनवा. नाव लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता. लायब्ररी शेअर केली की अॅप एक ‘की’ (किल्ली) फाइल देतं. ती इतर मशीनवर उघडली की जोडणी झाली. हाताने जोडायचं असेल तर प्रोजेक्ट मॅनेजरच्या डाव्या पट्टीत नेटवर्क टॅब उघडून लायब्ररीचं नाव, आयपी, यूजर आणि पासवर्ड भरायचा. वर्षानुवर्षं यूजर ‘पोस्टग्रेस’ आणि पासवर्ड ‘डाविंची’ हेच चालत आलंय, आणि ते जगजाहीर आहे. बदला.

‘कनेक्ट होत नाही’ याची कारणं बहुतेक वेळा तीनच असतात. पहिलं, सर्व्हर मशीनच्या विंडोजने नेटवर्क ‘पब्लिक’ धरलंय. ते ‘प्रायव्हेट’ करा. दुसरं, फायरवॉलने 5432 हा पोर्ट अडवलाय. अँटीव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल तर तिथेही पाहा. तिसरं, एक मशीन राउटरच्या गेस्ट वायफायवर आहे आणि ते वेगळंच जाळं आहे. घरून काम करणाऱ्यासाठी हाच पोर्ट राउटरमधून इंटरनेटवर उघडा ठेवण्याचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. व्हीपीएन (इंटरनेटवरची सुरक्षित खासगी जोडणी) वापरा, नाहीतर सरळ क्लाउडवर जा.

प्रोजेक्ट तयार करताना पहिली क्लिप आणण्याआधी टाइमलाइनचा फ्रेम रेट ठरवा. एकदा मीडिया आला की तो बदलता येत नाही. मराठी वाहिन्यांसाठी 25, थिएटरसाठी 24. मोबाइलवरचं फुटेज बहुधा 30 च्या आसपास, तेही बदलत्या फ्रेम रेटचं असतं. ते आधी ठरावीक फ्रेम रेटवर कन्व्हर्ट करून घ्या, नाहीतर लांब मुलाखतीत आवाज आणि ओठ हळूहळू फारकत घेतात. त्यानंतर फाइल मेन्यूतून मल्टी-यूजर कोलॅबोरेशन चालू करायचं.

एकत्र बसल्यावर

इथे रिझॉल्व्ह खरंच आवडतं. जो बिन निवडेल त्याच्यासाठी तो आपोआप लॉक होतो. इतरांना दिसतो, वाचता येतो, बदलता येत नाही. दुसऱ्या बिनवर गेलात की कुलूप सुटतं. टाइमलाइनचंही तसंच: आधी उघडणारा एडिटर तिचा धनी. पण त्याच वेळी कलरिस्ट तीच टाइमलाइन कलर पेजवर उघडून ग्रेड करू शकतो, आणि तो ज्या क्लिपवर आहे तेवढीच क्लिप लॉक होते. दुसऱ्याने केलेला बदल रिफ्रेशचं बटण दाबल्यावर येतो. एडिटर शेवटचा सीन आवळतोय आणि कलरिस्ट पहिल्या सीनचे स्किन टोन जुळवतोय, हे एकाच टाइमलाइनवर, मध्ये एक्सएमएल फाइल (टाइमलाइनची नोंद) न पाठवता. डेडलाइनच्या आठवड्यात याची किंमत कळते.

लॉक चांगला असला तरी बिनची मांडणी लॉकच्या हिशेबाने करावी लागते. सगळ्या टाइमलाइन एकाच बिनमध्ये टाकल्या तर एक जण बसला की बाकीचे वाट बघत बसतात. प्रत्येक सीनला, किंवा मालिकेत प्रत्येक भागाला, वेगळा बिन करा. टाइमलाइन, फुटेज, म्युझिक आणि ग्राफिक्स वेगवेगळे. एखाद्याने बिन उघडा ठेवून चहाला जाणं हा सॉफ्टवेअरचा दोष नाही, पण चॅटची खिडकी त्यासाठीच दिली आहे. दोघांनी एका सीनच्या दोन आवृत्त्या केल्या असतील तर टाइमलाइनवर राइट-क्लिक करून ‘कंपेअर विथ करंट टाइमलाइन’ वापरा. काय बदललं ते समोर येतं आणि बदल उचलताही येतो.

गॅलरी स्टिल (ग्रेडसह साठवलेल्या फ्रेम) आणि कॅश फाइल कुठे जातात हे प्रोजेक्ट सेटिंगमधल्या वर्किंग फोल्डर्समध्ये बघा. तिथे एखाद्याच्या सी ड्राइव्हचा पाथ राहिला, तर कलरिस्टने काढलेले स्टिल दुसऱ्याकडे रिकाम्या चौकटी होऊन दिसतात. स्टिल नॅसवरच हवेत. लट (एलयूटी, म्हणजे रंगांचे तयार साचे) आणि प्लगइन प्रत्येक मशीनवर एकाच आवृत्तीचे टाका.

फॉन्टचा मुद्दा आपल्यासाठी खास. मराठी नामावली, सुपर आणि सबटायटल श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केली आणि दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसेल, तर रोमन अक्षरांचा काला दिसतो. युनिकोड फॉन्ट वापरा आणि त्याची तीच फाइल सगळीकडे टाका. शिवाय काम सुरू होण्याआधी साध्या टेक्स्टमध्ये आणि टेक्स्ट प्लसमध्ये ‘कीर्ती’, ‘किल्ला’, ‘क्षत्रिय’, ‘दुर्मिळ’ हे शब्द टाइप करून बघा. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षर जिथे नीट बसतील तेच टूल सगळ्यांनी वापरायचं. ही चाचणी शूटच्या आधीची. प्रक्षेपणाच्या आदल्या रात्रीची नव्हे.

केबल आणि आकडे

एक गिगाबिट केबलमधून प्रत्यक्षात सेकंदाला 110 मेगाबाइटच्या आसपास जातात, म्हणजे 900 मेगाबिटच्या जवळपास. अॅपलच्याच आकड्यांनुसार 25 फ्रेमच्या अल्ट्रा एचडी प्रोरेझ 422 एचक्यूला (प्रोरेझ हा अॅपलचा व्हिडिओ फॉरमॅट) सेकंदाला 737 मेगाबिट लागतात, साध्या 422 ला 492. म्हणजे एचक्यूचा एक थर कसाबसा चालतो, दुसरा टाकला की अडखळतो. आणि हे एका एडिटरचं झालं. नॅसला एकच गिगाबिट पोर्ट असेल तर चौघांचं मिळून तेवढंच. स्विच 2.5 गिगाबिटचा घेतला आणि नॅसचा पोर्ट एकचा राहिला, ही फार नेहमीची उधळपट्टी.

दोन रस्ते आहेत. एक, 10 गिगाबिट: नॅस, स्विच, प्रत्येक मशीनला कार्ड, आणि कॅट 6 केबल (55 मीटरपर्यंत, त्यापुढे 6ए). खर्च बराच, आणि नॅसमध्ये तेवढ्या वेगाच्या डिस्क नसतील तर तोही वाया. दुसरा रस्ता प्रॉक्सीचा, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रतींचा, आणि लहान टीमने आधी तोच धरावा. एचडी प्रोरेझ प्रॉक्सीला 25 फ्रेमला 38 मेगाबिट पुरतात. चौघांनी तीन-तीन थर चालवले तरी 456. जुन्या गिगाबिटवर आरामात.

यासाठी ब्लॅकमॅजिक प्रॉक्सी जनरेटर नावाचं वेगळं अॅप येतं. त्याला फुटेजचा फोल्डर दाखवून ठेवला की ते नव्या फाइलची प्रॉक्सी बनवून शेजारीच ‘प्रॉक्सी’ नावाच्या सबफोल्डरमध्ये टाकतं, आणि रिझॉल्व्ह ती आपोआप जोडतं. त्या सबफोल्डरचं नाव बदलू नका. प्लेबॅक मेन्यूत ‘प्रिफर प्रॉक्सीज’ निवडून एडिट करा, कलरिस्टने ‘प्रिफर कॅमेरा ओरिजिनल्स’वर राहायचं. एक्सपोर्टच्या वेळी डिलिव्हर पेजवर ‘यूज प्रॉक्सी मीडिया’ची खूण काढलेली आहे ना, हे बघूनच रेंडर लावा. वायफायवर मात्र फुटेज चालवायचा हट्ट नको.

क्लाउड कुणासाठी

एडिटर पुण्यात, कलरिस्ट मुंबईत, दिग्दर्शक कोल्हापुरात असेल तर ब्लॅकमॅजिक क्लाउड. लायब्ररी महिना 5 डॉलरपासून, फुटेजसाठीची जागा वेगळी. आयपी, पोर्ट, फायरवॉल यातलं काही नाही, फक्त ब्लॅकमॅजिक आयडी लागतो. प्रोजेक्ट बनवताना विचारलं जातं: काही सिंक नको, फक्त प्रॉक्सी, की प्रॉक्सी आणि मूळ फाइल दोन्ही. फक्त प्रॉक्सी निवडा, आणि मूळ फुटेजची हार्ड डिस्क कुरिअरने पाठवा. तासाभराची एचडी प्रोरेझ प्रॉक्सी सुमारे 17 जीबी होते. 40 मेगाबिट अपलोडवर तिला जवळजवळ तासच लागतो. एच.264 ची 10 मेगाबिटची प्रॉक्सी केली तर साडेचार जीबीत काम होतं. घरगुती ब्रॉडबँडच्या जाहिरातीत मोठा आकडा बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो, अपलोडचा वेगळा विचारून घ्या.

एका इमारतीत बसणाऱ्या टीमला क्लाउडची गरज नाही. इंटरनेट गेलं की कामही गेलं, ही भानगड कशाला ओढवून घ्यायची?

दुसरे पर्याय

प्रीमियर प्रोमध्ये 2020 पासून ‘प्रॉडक्शन्स’ ही सोय आहे. तिथे डेटाबेस नाही, शेअर केलेल्या फोल्डरमध्ये अनेक छोटे प्रोजेक्ट आणि त्यांना लॉक. बसवायला ते रिझॉल्व्हपेक्षा सोपं, यात वाद नाही. पण प्रत्येक सीटला भाडं, आणि कलरसाठी अखेर रिझॉल्व्हमध्येच जायचं असेल तर तो फेरा वेगळा. बिन लॉकिंगच्या शिस्तीत अॅव्हिड अजूनही सगळ्यांचा बाप आहे. मोठ्या, वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिकेला तोच घ्या. चार माणसांच्या टीमला त्याचं स्टोरेज परवडणार नाही.

बॅकअप आणि अपग्रेड

इथे रिझॉल्व्हला आम्ही गुण कापतो. कोलॅबोरेशनमध्ये लाइव्ह सेव्ह चालूच असतं, त्यामुळे काम जात नाही, पण चूकही लगेच सेव्ह होते. कुणी बिन उडवला की सगळ्यांचा उडतो. प्रिफरन्सेसमध्ये प्रोजेक्ट बॅकअप आणि टाइमलाइन बॅकअप दोन्ही चालू करा, आणि लक्षात घ्या की ते त्या-त्या मशीनवर पडतात, सर्व्हरवर नाही. म्हणून आठवड्यातून एकदा प्रोजेक्ट मॅनेजरमधून पूर्ण लायब्ररीचा बॅकअप, आणि रोज संध्याकाळी चालू प्रोजेक्टची डीआरपी फाइल (प्रोजेक्टची प्रत) एक्सपोर्ट करून वेगळ्या डिस्कवर. डीआरपीत फुटेज नसतं, त्यामुळे ती पेनड्राइव्हवरही मावते. संगणकाची जाण असलेला कुणी हाताशी असेल तर त्याच्याकडून पोस्टग्रेचा रात्रीचा डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) टास्क शेड्युलरवर लावून घ्या. 

नवी मोठी आवृत्ती आली की टीममधला उत्साही माणूस आधी आपल्या मशीनवर टाकतो. त्याने नव्या आवृत्तीत प्रोजेक्ट उघडून सेव्ह केला की तो जुन्यात उघडत नाही. कधी लायब्ररीच अपग्रेड करायला सांगतं. तेव्हा ‘अपग्रेड’वर कुणीही एकट्याने क्लिक करायचं नाही. चालू काम डिलिव्हर होऊ द्या, लायब्ररीचा बॅकअप घ्या, नव्या आवृत्तीसाठी वेगळी लायब्ररी बनवून त्यात तो बॅकअप उघडून बघा, आणि मग एकाच दिवशी सर्व्हर आणि सगळी मशीन बदला.